उपड्या होडीखालचे सुतार

ड्रूसिला पेलीचा नवरा हेवर्ड सीलच्या शिकारीला समुद्रातल्या बर्फावर गेला, तो परतलाच नाही. प्रेतही मिळालं नाही. पाद्री सांगायला आला तेव्हा ती पावाचं पीठ मळत होती. तिनं ऐकून घेतलं, पीठ झाकून ठेवलं आणि फुगल्यावर पाव भाजलेही. ही रडत कशी नाही, असं बायका आपसात बोलल्या. तिला रडू येत नव्हतं, एवढंच.

जूनमध्ये धाकटा दीर अझरया हेवर्डची होडी न्यायला आला. ती खोपटामागे उपडी पडली होती. दोघांनी एक कड उचलून ओंडक्यावर टेकवली, तशी खालून सुतारांची झुंबड उडाली. आमच्या न्यूफाउंडलंडात त्या करड्या, चिलखती, चौदा पायांच्या किड्यांना सुतारच म्हणतात. आहेत मात्र खेकड्या-कोळंबीच्या गोतातले, समुद्र सोडून जमिनीवर राहायला आलेले.

"यांनीच खाल्ली होडी," म्हणत अझरया त्यांना बुटानं चिरडू लागला.

"कुजलेलंच खातात ते," ड्रूसिला म्हणाली. "धड लाकडाला तोंड लावत नाहीत."

"म्हणजे आधीच कुजली होती?"

"हो. नवी बांधायला पैसे हवेत म्हणून तर तो बर्फावर गेला."

अझरयाला हे ठाऊक नव्हतं. त्याचा बूट थांबला.

ती खाली बसून बघत राहिली. काही सुतार गुळगुळीत, काही खरबरीत. एकानं कात टाकायला घेतली होती; मागचा अर्धा भाग पांढराफेक, पुढचा अजून जुनाच. एक मादी उताणी पडली होती, पोटाखालच्या पिशवीत खसखशीएवढी पिल्लं वळवळत होती. पोटाखालचे कल्ले ओले राहिले तरच या जिवांना श्वास घेता येतो. उन्हात ते मंदावत चालले होते. ते तिला दिसत होतं, पण तिच्या आत काही हललं नाही.

"ठेव खाली," ती म्हणाली.

त्यानं ओंडका काढून होडीची कड पुन्हा खाली टेकवली.

घरात तिनं त्याला चहा दिला, पावावर काकवी घालून दिली. खाता खाता अझरयाच रडायला लागला. तिनं कप त्याच्याजवळ सरकवला आणि तो थांबेपर्यंत बसून राहिली.

पुढे सरकारनं सगळं गाव मोठ्या बंदराला हलवलं, तशी तीही गेली. मासळीच्या कारखान्यात कॉड कापायला लागली. काम चोख करायची. कुणी हेवर्डचं नाव काढलं तर ऐकून घ्यायची. चाकू चालूच असायचा.