तोंड वर, पाठ खाली

समुद्र गोंदियाजवळच्या आमच्या मुर्री गावापासून कुठल्या कुठे, आणि मी घरात बसून प्रबंधासाठी समुद्रतळाच्या गाळातली सूक्ष्म जीवांची कवचं निवडत होते. रव्याच्या कणाएवढी. मायक्रोस्कोपखाली त्यांत कप्पे दिसतात. आधी इवलासा, मग त्याहून मोठा, असे गोल फिरत गेलेले. पाठीकडून बघितलं तर पहिल्यापासूनचे सगळे कप्पे दिसतात, पोटाकडून फक्त शेवटचा फेरा आणि तोंड. वळण उजवं की डावं, यावरून त्या काळचं पाणी उबदार होतं की थंड, याचा अंदाज बांधतात. माझ्या सरांनी बजावलं होतं, "सगळी पाठ वर करून चिकटव. एक जरी चुकलं, तरी परत पाठवीन."

पट्टीवर साठ चौकोन, चौकोनात एकेक कवच. तीन आठवडे डोळे फोडून घेतले. सादर करायच्या आदल्या दुपारी प्रबंधाच्या बांधणीसाठी गोंदियाला गेले, आणि परत येऊन बघते तर साठच्या साठ उताणी!

आई शेजारीच सुपात बिड्या वळत होती. कवचाचं तोंड तिला मीच एकदा मायक्रोस्कोपमधून कौतुकाने दाखवलं होतं. भोगा आता.

"तू हात कायले लावला?" मी किंचाळले.

"बोंबलून कायले राहिली? तोंडं खाली गेली होती, ओल्या ब्रशानं वर करून देली. तोंड नाई दिसलं तं छाटतेत."

बिड्या घेणारा माणूस कट्टा, म्हणजे बिड्यांची जुडी, उचलली की आधी तोंडं बघतो. पसंत पडली नाहीत की तेवढ्या बिड्या छाटून बाद, मेहनत पाण्यात. मला हे ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "तुले काय समजते यातलं?"

ती पुन्हा सुपाकडे वळली.

डिंक भिजवून मी कवचं उलटायला लागले. संतापात ब्रश जोरात दाबला, एक कवच फुटलंच. तेव्हा आईने माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. जेवणाआधी साठही पाठ वर झाली, फुटलेल्याच्या जागी दुसरं बसवून.

दुसऱ्या दिवशी सरांनी पट्टी बघितली. "एकही तिरकं नाही. हात कोणाचा?"

"माझाच," मी म्हणाले.

घरी आले तर आई दारातच. "किती छाटले वो?"

"एकबी नाई."

"एकबी नाई?" तिने पुन्हा विचारलं. तिच्या बिड्यांच्या बाबतीत असं कधीच झालं नव्हतं.