पप्पांचा सिरीज बोर्ड

भोईवाड्याला आमच्या खोलीबाहेर, गॅलरीत, पप्पांचं एक फळकूट टांगलेलं असायचं. त्यावर एक बल्ब, एक सॉकेट आणि दोन उघड्या वायरी. हा सिरीज बोर्ड. पप्पा वायरमन. शेजारच्या काकूंचा मिक्सर असो नाहीतर देवळातला पंखा, दुरुस्त केलेली वस्तू ते आधी या बोर्डाला लावायचे. बल्ब लख्ख पेटला की समजायचं, आत शॉर्ट आहे. पण करंट बल्बातून जात असल्यामुळे वस्तू जळायची नाही आणि चाळीचा फ्यूजही उडायचा नाही. लोकांना वाटतं मी इलेक्ट्रिकल कॉलेजात शिकले. कसलं काय! मी ते स्टुलावर बसून, "हात लावू नको गो" ऐकत ऐकत शिकले.

पुढे एमएस करायला जर्मनीला गेले. थीसिससाठी इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर बनवायचा होता. तीन महिने डोळे फोडून सर्किट जोडलं. पहिल्यांदा वीज देताना करंटवर मर्यादा घालणारा एक खास सप्लाय वापरायचा, असा लॅबचा नियम. तो सप्लाय तेव्हा दुसऱ्याच मुलाकडे, माझा नंबर आठ दिवसांनी. आठ दिवस? मला कुठला आलाय एवढा धीर! मी एक बल्ब आणला, होल्डर आणला, जुन्या दिव्याची वायर कापली आणि टेबलावर मांडला आमचा सिरीज बोर्ड.

बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. आत शॉर्ट होता, पण सर्किटला धक्का नाही! "वाचलं रे बाबा!" मी मराठीत ओरडले. त्याबरोबर लॅबच्या सेफ्टीच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. टेबलावर उघड्या वायरी बघून त्यांनी धावत जाऊन भिंतीवरचं लाल बटण मारलं. अख्ख्या लॅबची वीज गेली.

लॅबमध्ये शिरायचं माझं कार्ड त्यांनी तिथल्या तिथे काढून घेतलं. हे असं कुठे, कोणाकडून शिकलात ते लेखी द्या, मग तुम्हाला परत आत घ्यायचं की नाही ते ठरवू, म्हणाल्या. लॅब नाही तर थीसिस नाही, आणि थीसिस नाही तर डिग्री नाही.

खोलीवर येऊन पत्र लिहिलं आणि घरी व्हिडिओ कॉल लावला. खरं सांगते, आधी मी पप्पांवरच भडकले. "तुमच्या त्या फळकुटापायी झालं हे सगळं!" लॅबमधलं सगळं, बाईंनी काय लेखी मागितलंय तेही सांगितलं. मग मला रडू फुटलं.

"रडतंस कित्याक? पत्र वाच बघू. मराठीत सांग."

मी सांगत गेले. मधलं एक वाक्य गाळलं.

"शिकवलं कोणी, ता नाय लिवलंस? त्यांनी तर ताच विचारलां."

आता गाळून सुटका नव्हती. "लिहिलंय," मी म्हटलं. "आमच्याकडच्या अशिक्षित कारागिरांकडून लागलेली ही चुकीची सवय आहे, असं लिहिलंय."

स्क्रीनवर पप्पांनी मान डोलावली.

"बरोबर लिवलंस," ते म्हणाले. "मी नववी नापास. पाठव तू. माका थय कोण वळाखता? तुझा काम होऊ दे."

आणि मी पाठवलं. एक अक्षरही न बदलता. भीतीपुढे मला दुसरं काही सुचलं नाही, असं म्हणून मी स्वतःला खूप समजावलं. पण लाज वाटायची ती वाटतेच.

दोन आठवडे सेफ्टीचा कोर्स केल्यावर कार्ड परत मिळालं. पुढे थीसिसही झाला. सुट्टीत घरी आले, तर गॅलरीतलं फळकूट गायब. त्या जागी एक पेटी. बल्बावर जाळी, वायरी सगळ्या आत, थ्री-पिन प्लग, वेगळा फ्यूज आणि बाहेर लाल बटण. कोपरे पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेले. आई म्हणाली, "तुझ्या त्या फोननंतर महिनाभर ह्याच चालू होता त्यांचा."

पप्पांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. "फोटो काढ. तुझ्या बाईंक पाठव. विचार, आता चालात काय?"

फोटो काढला, मेल लिहायला घेतला.

"काय लिवतंस? वाच."

या वेळी मी सगळं वाचलं. "मागच्या पत्रातला अशिक्षित कारागीर म्हणजे माझे वडील. ही पेटी त्यांनी बनवली आहे."

पप्पांनी चष्मा वर केला.

"वडील सगळ्यांकच आसतत गो," ते म्हणाले. "वायरमन लिव."