अर्धी गोळी

मी दवाखान्यात काउंटरला बसते. पेशंट मला सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही, बारावी झालेली बाई आहे. नंबर लावते, वजन करते, बीपी बघते आणि फाईलवर लिहिते. आवाज मोठा आहे, त्यामुळे लोकांचा गैरसमज होत असावा.

आमचे सर फिजिशियन आहेत. ताप, दम, बीपी, साखर, थायरॉइड असं सगळं इथं येतं. सोलापूरच्या पूर्व भागात दवाखाना, त्यामुळे निम्मे पेशंट तेलुगू बोलणारे विणकर. नवीन माणूस आला की मी कोरी फाईल काढते आणि पहिल्या पानावर चार गोष्टी लिहिते: वय, वजन, बीपी आणि चालू औषधे. पहिल्या तिन्हींना वेळ लागत नाही. चौथीला मात्र माझं डोकं फिरतं.

"कुठली गोळी घेता?"

"पांढरी."

"पांढऱ्या शंभर असतात, मावशी."

कुणी शेजारणीची गोळी घेत असतं, कुणी भावाची. एक आजी रुमालात सगळ्या गोळ्या एकत्र बांधून आणायच्या. त्या तेलुगूत चिडायच्या, मी मराठीत, आणि दोघींना एकमेकींचं व्यवस्थित कळायचं. सरांनी मला पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "ताई, पेशंट काय खातो ते मला कळलं नाही तर मी आंधळा." ते वाक्य मी लोकांच्या तोंडावर इतक्या वेळा फेकलंय की आता ते मला बघितल्यावर गोळ्यांची पिशवी आधी उपडी करतात.

एवढं सगळं बाहेर. आता घरचं सांगते.

घरी आम्ही तिघं. मी, आई आणि अण्णा. माझं लग्न टिकलं नाही, त्याची गोष्ट इथं नको. अण्णा चादरीच्या कारखान्यातून रिटायर झाले. त्यांना साखर, म्हणजे डायबेटिस. त्यांची फाईल आमच्याच दवाखान्यात. आईची फाईल नव्हती. गल्लीतल्या एका मोफत शिबिरात बोटाला टोचलं, तेव्हा तिचीही साखर थोडी जास्त निघाली होती. मी म्हटलं, उद्या चल माझ्याबरोबर. ती म्हणाली, "मला काय झालंय? आन् तू दिवसभर लोकांवर वरडतीस, तितं येऊन मी कशाला बसू?"

आठवडाभराने सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ती अण्णांची गोळी अडकित्त्याने फोडत होती. सुपारी फोडावी तशी, एका दणक्यात. एक अर्धी अण्णांच्या चहाच्या बशीत ठेवली, दुसरी स्वतःच्या तोंडात टाकली.

"हे काय गं?"

"त्यांना जे झालंय तेच मला झालंय. मग औषध बी तेच की."

आमच्या घरात सगळं असंच चालायचं. एका कपातला चहा अर्धा-अर्धा, कडक भाकरी मधोमध मोडून अर्धी-अर्धी, आणि कांदा बुक्कीने फोडायचा, तोही अर्धा-अर्धा. चाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईने काहीही अख्खं खाल्लेलं मी पाहिलं नाही. मला हसू आलं. हो, हसू आलं. बाहेर कुणी असं केलं असतं तर मी दवाखाना डोक्यावर घेतला असता. "सरांना सांगू नकोस," ती म्हणाली, आणि मी बरं म्हटलं. अर्धी गोळी, तीही बारीकशी. म्हटलं, काय होतंय.

अण्णांची साखर कमी होईना. होणार कशी? दर महिन्याला सर रिपोर्ट बघायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि विचारायचे, "अण्णा, गोळी रोज घेता ना?" अण्णा म्हणायचे, "रोज घेतो साहेब, ही हातात देते." खोटं काहीच नव्हतं. सर माझ्याकडे बघायचे, आणि मी फाईलकडे बघायचे. सांगायचं तर माझंही सगळं सांगावं लागलं असतं, की मी रोज लोकांना शिकवते आणि माझ्याच घरात हे चाललंय. लाज वाटायची. पुढच्या खेपेला सांगू, असं प्रत्येक खेपेला ठरवायचे.

सरांनी गोळी बदलून जास्त जोराची दिली. "ही घेतली की उपाशी राहायचं नाही," ते अण्णांना म्हणाले, "साखर एकदम खाली जाते. घाम येतो, हातपाय थरथरतात. माणूस बेशुद्ध पडतो." मला ते पाठच होतं. रोज दहा जणांना मीच सांगते. त्या दिवशी मात्र ऐकताना मी मनात दोघांची वजनं मांडली. अण्णा अंगाने थोराड, भरपेट जेवणारे. आई चाळीस किलोची, आणि आठवड्यात तिचे दोन-तीन उपवास असायचेच.

घरी येऊन मी तिला म्हटलं, "ही गोळी तू घ्यायची नाहीस. वेगळी आहे."

"व्हय व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अडकित्त्याचा आवाज आला. मी अंथरुणातच होते. उठून जाऊन तो हातातून काढून घ्यायला पाच पावलं लागली असती. मी कूस बदलली.

नंतर ते सुरू झालं. एका चतुर्थीला दुपारी ती ओट्याला धरून उभी होती, ब्लाऊज घामाने चिंब. "ऊन लई हाय," म्हणाली. सोलापुरात ऊन कधी नसतं? मी गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबला. दहा मिनिटांत ती ठीक झाली आणि गूळ खायला लावला म्हणून माझ्यावरच चिडली. पुढे एकदा बोलता बोलता तिची जीभ जड झाली. एकदा ती अण्णांवर इतकी भडकली, आयुष्यात कधी भडकली नव्हती तशी, आणि नंतर तिला काही आठवेना. मला सगळं कळत होतं, तेच तर वाईट आहे. घरात मी एकटीच होते जिला कळत होतं. सकाळी उठले की आधी ती हलतेय का ते बघायचे, आणि मग कामाला जायचे.

त्या दिवशी संकष्टी होती आणि नळाला पाणी येण्याचाही दिवस होता. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की घरातली बाई दुसरं काही करत नाही. मी निघताना म्हटलं, "आज गोळी नको, कळलं का?" तिने हात हलवला. त्याचा अर्थ नको होता की जा, ते मी बघायला थांबले नाही.

साडेबाराच्या सुमाराला दवाखान्यासमोर रिक्षा थांबली. आमच्या शेजारच्या खाला आधी उतरल्या, मागून अण्णा, आणि दोघांच्या मध्ये आई, मान लोंबकळलेली. खाला रडत बोलत होत्या, "दारातनं पाणी व्हायला लागलं बेटी, गल्लीभर. तुझी आई पाण्याचा एक थेंब वाया घालवत न्हाय, मला म्हाईत हाय की. म्हणून आत गेले, तर मोरीत पडलेली."

सरांनी बोटाला टोचलं. मशीनवरचा आकडा मी बघितला: अठ्ठावीस, सत्तरच्या वर हवा तिथं. लगेच सलाईनमधून ग्लुकोज सुरू केलं. पाच-सात मिनिटांत तिने डोळे उघडले. पहिलं काय बोलली असेल? "नळ बंद केला का?"

मला रडू फुटलं. सगळा दवाखाना हसला.

सरांनी मला कोरी फाईल काढायला सांगितली. आईच्या नावाची पहिली फाईल. मी वय लिहिलं, वजन लिहिलं, बीपी लिहिलं. मग सरांनी विचारलं, "चालू औषधे? साखरेची वगैरे काही गोळी?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. तिने मान इतकीशी हलवली, नाही म्हणून. बाहेर बाकावर पंधरा माणसं बसलेली, ज्यांच्यावर मी आजवर ओरडत आले ती. सर पेन उघडून थांबले होते.

"काही नाही सर," मी म्हटलं. आणि लिहिलं: नाही.

"नक्की? गोळीमुळे असेल तर ॲडमिट करावं लागेल. तिचा असर लगेच जात नाही, साखर पुन्हा खाली येते."

"नक्की. उपवास होता आज."

का म्हटलं? ती बोलत होती, हसत होती, पदर सावरत होती. मला वाटलं, गेलं संकट. वाटलं, उद्या सरांना एकटं गाठून सांगीन. खरं सांगायचं तर मला त्या पंधरा माणसांची भीती वाटली. सर म्हणाले, मग घरी न्या, पोटभर जेवू घाला, उपवास बंद.

घरी तिने चंद्र उगवल्याशिवाय अन्न घेणार नाही म्हणून हट्ट धरला. साखर घातलेला चहा आणि चार घास साबुदाणा, एवढंच तिच्या पोटात गेलं. मग थकले म्हणत आडवी झाली. पाच वाजता मी कामावर जायला निघाले तेव्हा ती घोरत होती. मी अण्णांना म्हटलं, झोपू द्या. सात वाजता त्यांचा फोन आला की ही उठत नाही.

मोठ्या दवाखान्यात त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी आई गेली.

सरांना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ती फाईल उघडून माझं अक्षर बराच वेळ बघितलं आणि मिटून ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मी अजून तिथंच काम करते. ती फाईल मागच्या रॅकमध्ये आहे.

दोन महिन्यांनी अण्णांचा रिपोर्ट आला. आता अख्खी गोळी त्यांच्या पोटात जात होती, साखर नको तेवढी खाली आली होती. सरांनी माझ्याकडे न बघता लिहिलं, उद्यापासून अर्धी.

सकाळी मी अडकित्ता घेतला आणि गोळी फोडली. एक अर्धी अण्णांच्या बशीत ठेवली. दुसरी माझ्या तळहातावर राहिली. अण्णा त्या अर्धीकडे बघत राहिले आणि मला बोलणं भाग पडलं. आई रोज अर्धी खायची, मला ठाऊक होतं, मी सरांना सांगितलं नाही, सगळं एका दमात बोलून टाकलं.

अण्णांनी गोळी तोंडात टाकली, वर चहाचा घोट घेतला.

"मला बी ठाऊक हुतं," ते म्हणाले. "रोज बशीत अर्धी बघत हुतो की. म्हणलं, लेक दवाखान्यात हाय, तिला इचारूनच करत असंल."