चादरीखालचा हात

बैलाचा सौदा आमच्याकडे अजूनही पुष्कळदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये मी उभा राहतो, हातांवर टॉवेल टाकतो आणि आधी एकाची, मग दुसऱ्याची बोटं धरतो. किती बोटं धरली, किती दाबली, यावरून भाव कळतो. भोवतीच्यांना दिसतो फक्त हलणारा टॉवेल. तीस वर्षं मी हा दलालीचा धंदा करतो आहे. बाप मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाकी होता. त्याच्याकडून मला ना गोठा मिळाला, ना जमीन. मिळाला तो त्याचा भडकू स्वभाव. बाकी सगळं मी बोटांवर उभं केलं. विकणाऱ्याचं बोट किंचित सैल पडलं की हा आणखी खाली उतरणार, हे मला त्याच्याआधी कळतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता बायको दहिवलीच्या घरामागे म्हशीची धार काढताना कलंडली. दुधाची बादली तिच्या अंगावर सांडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पनवेलला नेलं, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर ती डोळे मिटून नुसती पडून राहिली.

"आता वाट बघायची," डॉक्टरीण म्हणाली.

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

"अंदाजे तरी सांगा. उठेल का नाही? रुपयात किती आणे?"

"काका, मी उगाच काहीतरी सांगितलं तर तुम्ही तेच धरून बसाल."

माझा आवाज चढला. वॉचमन दारापर्यंत आला. डॉक्टरीण मात्र हलली नाही, चिडलीही नाही. तिने काही लपवलं असतं तर मी ते काढून घेतलं असतं. तिला खरोखरच माहीत नव्हतं, आणि अशा माणसापुढे माझं काही चालत नाही.

मग मी देवाशी बोलायला लागलो. बाहेरच्या बाकावर बसून सकाळी म्हणालो, प्रभू, हिला उठव, मी शिव्या सोडतो. दुपारी म्हणालो, धंदाही सोडतो. खालापूरच्या शर्यतवाल्याचा बैलजोडीसाठी फोन आला, तो खरोखरच कापला. संध्याकाळी म्हणालो, आमच्या चर्चच्या मंडळीला माफ करतो. ते मी शेवटपर्यंत राखून ठेवलं होतं. त्याहून मोठं द्यायला माझ्यापाशी काही नव्हतं.

शेजारी मेहुणी बसली होती. माझं पुटपुटणं तिने ऐकलं.

"दाजी, नवस बोलताय का?"

"नवस नाय. प्रार्थना हाय."

"ही कसली प्रार्थना? बैलबाजार मांडलाय तुमी."

"मग मागू नको?"

"मागा की. पण देतो, देतो कशाला म्हणताय? तुमच्याकडं हाय काय त्याला द्यायला?"

मी तिला नको ते बोललो. ती पदर सावरून खाली चहाला गेली आणि तिथून, मला न विचारता, मास्तरांना फोन केला.

मास्तर म्हणजे आमच्या मंडळीचे सेक्रेटरी, शाळेतून निवृत्त झालेले. अकरा वर्षांपूर्वी माझी आई वारली त्या दिवशी मंडळीची सहल पळसदरीच्या धरणावर ठरली होती. मी पहाटे मास्तरांना निरोप दिला होता. तरी गाड्या गेल्या. आईच्या दफनाला पाळक, मी, बायको आणि मेहुणी, एवढीच माणसं. पेटी कबरीत सोडायला दोर धरायला हात कमी पडले, म्हणून मी बाजारातून तीन हमाल आणले. आईला ज्यांनी दोर धरून खाली सोडलं, त्यांना तिचं नावही माहीत नव्हतं. तेव्हापासून मी उपासनेला गेलो नाही. बायको एकटी जायची.

दुसऱ्या दिवशी मास्तर काठी टेकत आले. अकरा वर्षं मी या माणसाला काय काय ऐकवायचं ते जुळवून ठेवलं होतं.

ते बाकावर बसले, श्वास लागला होता. म्हणाले, "तुझ्या आईच्या मातीला आलो नाय."

"का नाय आलात?"

"गाड्या ठरल्या होत्या. म्हटलं, नंतर भेटून येऊ. नंतर तोंड दाखवायची लाज वाटली."

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं काय कारण नाय रं माझ्याकडं."

त्यांनी सबब सांगितली असती तर मी ती फाडली असती. हातात काहीच न घेता आलेल्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आत दोघांना थोडा वेळ सोडत. मास्तरांनी चादरीवर हात ठेवला. "प्रभू, ही तुझी लेक हाय. तिला काय कळायच्या आधीपासनं तुझी तिच्यावर माया हाय. तिला उठव. नाय उठली तरी तिला सोडू नको. ह्यालापण सोडू नको. आमेन."

मी आमेन म्हटलं नाही. "ते 'नाय उठली तरी' कशाला घातलंत? आपणच आधी खाली उतरलो तर समोरचा कशाला वर चढेल?"

"तो गिऱ्हाईक नाय रं," मास्तर म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर गेले.

मी चादरीखाली हात घातला. सवयीने तिची तीन बोटं धरली, दाबली आणि थांबलो. उत्तर आलं नाही. बोट सैल पडलं नाही, घट्टही झालं नाही. पुन्हा दाबली. मग माझंच मला कळलं की मी काय करतो आहे. बोटं सोडली आणि माझा तळहात तिच्या हाताखाली नुसता ठेवला. प्रभू, म्हणालो, माझ्याकडे काही नाही. तुझी माया हाय म्हणतात, त्या मायेवर टाकतो हिला. एवढंच बोललो. ते विश्वासाने म्हणालो की दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून, मला आजही सांगता येत नाही.

आता ती घरी आहे. डोळे उघडते, पातळ पेज गिळते. उजवी बाजू हलत नाही, शब्द फुटत नाही. मला ओळखते का, माहीत नाही. मास्तर दर गुरुवारी रिक्षाने येतात, 'नाय उठली तरी' अजून म्हणतात, आणि मला अजून राग येतो. माफ केलं, असं मी त्यांना अजून म्हटलेलं नाही. चहा देतो. आमेन मात्र म्हणतो.

सकाळी मेहुणी मागे धार काढते तेव्हा मी खाटेशी बसतो, हात बायकोच्या हाताखाली ठेवून. तिच्याकडून काही मागत नाही. तरी तिचं एखादं बोट हललं का, याकडे माझं सगळं लक्ष असतं.