तीन आठवड्यांची सुई

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी सौसरला गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. बैल, गाई, बकऱ्या यांच्याशी माझा रोजचा संबंध. घोड्याबद्दलचं ज्ञान कॉलेजातल्या एका जाड पुस्तकापुरतं, आणि ते पुस्तक बहुधा वाऱ्यानं आपटणाऱ्या खिडकीला टेकण म्हणून लावलेलं असे.

एका चैत्रात मोहगावचे एक संत्र्यांचे व्यापारी जीप घेऊन आले. मुलाचं लग्न दोन दिवसांवर होतं. वरातीसाठी ठरवलेल्या पांढुर्ण्याच्या घोडीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. दुसरी घोडी बघा, असं मी सुचवलं.

"दुसरी पांढरी कुठं आहे साहेब? पत्रिकेवर पांढरीच छापली ना आम्ही."

पत्रिका त्यांनी दाखवलीही. छापलेल्या घोडीला पंख नव्हते एवढंच.

पांढुर्ण्याला पोचलो तेव्हा घोडी दुसऱ्या एका लग्नाहून नुकतीच परतली होती. अंगावर मखमली झूल, पायांना मेंदी, खुरांना लाल आलता, मानेत घुंगरांचा पट्टा. झूल काढल्यावर तुळतुळीत कापलेल्या केसांखाली गांधी बोटाला लागत होत्या. मालक म्हातारा, हात जोडून उभा. वय विचारलं तर म्हणाला, "जवानच हाय साहेब." त्याची बायको बादली भरून आणत होती, ओतत होती, पुन्हा विहिरीकडे जात होती. तीन खेपा मी मोजल्या. अंघोळीची तयारी असेल असं समजलो आणि तिला काही विचारलं नाही.

माझ्या पिशवीत एका कंपनीच्या माणसानं दिलेली नमुन्याची कुपी होती. गांधींवर देतात तसं स्टिरॉइडच, पण लांब मुदतीचं. "एकदा टोचा, तीन आठवडे विसरा," असं तो म्हणाला होता. व्यापाऱ्यांना तेच हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. मानेच्या मांसात सुई दिली. दुसऱ्या दिवशी गांधी बसल्या. वरात थाटात निघाली. नवरदेवाचा काळा चष्मा, बँडचे दोन ताफे, आणि माझ्या गळ्यातही एक हार. घोडीच्या हारापेक्षा माझा बारीक होता, पण मी तो घरापर्यंत घालून गेलो.

सुई दिल्यापासून बाराव्या दिवशी म्हातारा बसनं दवाखान्यात आला. "साहेब, घोडी पाय टाकून नाही राहिली."

मी लगेच त्याच्यासोबत गेलो. घोडी पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती, जणू जमीन तापलेली आहे. खुराला हात लावला. तापला होता खूरच. घोट्यामागची नाडी ठणठण उडत होती. ओल्या फडक्यानं आलता पुसला, तेव्हा खुरावर एकाखाली एक कड्यांसारख्या वळ्या दिसल्या. खुराचं हे दुखणं तिला आधीही होऊन गेलं होतं. रंगाखाली कोणी पाहिलंच नव्हतं.

"हिचे केस उन्हाळ्यात गळतात का?" मी विचारलं.

म्हाताऱ्याची बायको हसली. "कायचे गळतात जी! अस्वलावानी होते. दोन वर्सांपासून मीच कापून राहिली. अस्वलावर नवरदेव बसन काय?"

"आणि पाणी?"

"दिवसभर बालट्याच भरून राहिली मी."

पुस्तकातलं पान मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. म्हाताऱ्या घोड्यांच्या मेंदूच्या बुडाशी असलेली एक लहानशी ग्रंथी बिघडते आणि शरीराला स्वतःचंच स्टिरॉइड जास्त बनवायला लावते. केस गळत नाहीत, तहान भागत नाही, खूर आतून सुटू लागतात. या ग्रंथीला आवरणाऱ्या गोळीचा पुस्तकात एका ओळीत उल्लेख होता, पण ती गोळी माणसांची. घोड्याच्या पोटातून तिच्यातलं किती रक्तात उतरतं, यावर पुस्तक गप्प होतं. अशा घोडीला मी वरून आणखी स्टिरॉइड दिलं होतं.

साधी सुई असती तर घोडीच्या यकृतानं ती एक-दोन दिवसांत मोडून मूत्रावाटे बाहेर काढली असती. परिणाम आणखी काही दिवस रेंगाळला असता, एवढंच. ही सुई तशी नव्हती. तिचे बारीक कण मांसात बसून राहतात आणि थोडे थोडे विरघळतात. यकृत आजचं आजच संपवतं, तोवर उद्याचं रक्तात येतं. स्टिरॉइडची गोळी बंद करता येते. टोचलेलं परत मागता येत नाही.

मग मी रोज पांढुर्ण्याला जाऊ लागलो. दाणा बंद केला, वेदनाशामक दिलं, जाम नदीची रेती आणवून तिच्या पायाखाली जाड थर घातला, खुरांवर गार पाण्यात भिजवलेली पोती बांधली. म्हातारा रोज विचारी, "आता किती दिवस राहिले जी, औषध उतराले?" मी आकडा सांगायचो. नऊ, मग सात, मग पाच. आकडा कमी झाला की त्याचा चेहरा खुले. औषध उतरलं तरी खुराच्या आत जागेवरून फिरलेलं हाड परत फिरत नाही, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

सतराव्या दिवशी घोडी आडवी झाली. खुराचा तळवा मी उचलून पाहिला. हाडाचं टोक तळव्याला येऊन टेकलं होतं, एक चंद्रकोरीसारखी चीर पडली होती.

मी म्हाताऱ्याला म्हणालो, "हे माझ्या सुईनं झालं."

"नाही साहेब," तो घाईनं म्हणाला, मलाच धीर दिल्यासारखा. "नजर लागली तिले. त्या दिवशी लयच सजली होती ना."

ती पळवाट चांगली रुंद होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो, आणि काही क्षण मला ती आवडलीही.

"नजर नाही लागली," बायको म्हणाली. ती घोडीच्या डोक्याशी बसली होती. "सुई द्याच्या आंधी मले एक बोल विचारला असता, तं सांगतलं असतं मी."

"व्हय," मी म्हणालो. माझ्या तोंडून तिच्याच बोलीतला शब्द गेला.

घोडी आता उठणार नाही, आणि पुढं काय करावं लागेल, ते मी दोघांना सांगितलं. म्हातारा उठून बाहेर गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मी पिशवीतून मोठी सिरिंज काढली. बायकोनं घोडीचा कान हातात धरला, दुसऱ्या हातानं तिचा डोळा झाकला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "टोचा."