शेजारच्या सीटचा ब्रेक

झेरॉक्सच्या दुकानामागे, जिन्याखाली माझं टेबल आहे. विमावाले, बँकवाले, बिल्डर यांनी नाडलेली माणसं तिथं येतात आणि मी त्यांच्या वतीनं भांडते. मी वकील नाही. शाळा मधेच सुटली, कायदा मी दुसऱ्यांना आलेल्या नोटिसा वाचत शिकले. लोक तरी 'वकीलबाई' म्हणतात आणि मी म्हणू देते. येणारा माणूस सहसा टेकायच्या आधीच रडगाणं सुरू करतो. मास्तर मात्र मानेला पट्टा लावून नुसते उभे होते आणि समोरची खुर्ची दुसऱ्या कुणाची असावी तसे तिच्याकडे बघत होते.

"बसा की," मी म्हटलं.

"शेजारी बसलं तर चालेल? समोरासमोर बोलायची सवय नाही हो. नीट सुचत नाही."

खुर्ची उचलून त्यांनी माझ्या बाजूला आणली. मग पोपडे आलेल्या भिंतीवर नजर ठेवून, जणू तिच्यातून एखादी गाडी अंगावर येईल अशा सावधपणे, ते बोलायला लागले.

माणूस कोण ते मला माहीत होतं. आमच्याकडे गाडी चालवणारा प्रत्येक जण एक तर मास्तरांकडे शिकलाय, नाही तर चुकीचं शिकलाय, असं थट्टेनं म्हणतात. उभा जन्म त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. तसल्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा घाबरला की मास्तर आधी तोंडानं "ब्रेक दाबा" म्हणायचे, आणि त्यानं नाही दाबला की स्वतःच्या पायानं दाबायचे. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा स्कूल बंद केलं, गाड्या विकल्या, त्यातली एक ठेवली. ती एक आता पाण्याच्या टँकरला मागून धडकली होती, आणि विमा कंपनीनं तिला 'टोटल लॉस' ठरवलं होतं. म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपलीकडे जातो, तेव्हा सांगाडा आम्हाला द्या, पैसे घ्या आणि गप घरी जा.

"पैसे कमी देतायत?" मी पेन उघडलं.

"नाही. रक्कम बरोबर आहे."

"मग लटकवून ठेवलंय?"

"उलट घाई करतायत. मला एवढंच विचारायचंय, गाडी आपल्याकडे ठेवता येते का?"

माझ्या टेबलाशी असला माणूस कधी आला नव्हता. मी सांगितलं, येते. भंगाराची किंमत वजा करून ते उरलेले पैसे देतील आणि सांगाडा तुमच्या दारात. पण दुरुस्त करून तपासणी झाल्याशिवाय रस्त्यावर चाक टेकवायचं नाही.

"ब्रेक फेल झाला होता का?" मी विचारलं. "तसं असेल तर गाडी बनवणाऱ्यालाच कोर्टात खेचू."

"ब्रेकला नाव ठेवू नका. ब्रेक उत्तम होता."

हे त्यांनी इतकं तोडून सांगितलं की मी पेन बंद करून ठेवलं.

गाडीच्या नोंदणीचं कार्ड घ्यायला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा जुना तक्ता, कोपरे उंदरांनी खाल्लेले. जेवायचं टेबल खिडकीला लावलेलं आणि दोन्ही खुर्च्या एकाच बाजूला, खिडकीकडे तोंड करून. नवरा-बायको तसेच शेजारी शेजारी बसून जेवायचे. घरभर रद्दी साठलेली, पलंगावर, टीव्हीवर, बाथरूमच्या दारातसुद्धा. त्या दोनांतल्या एका खुर्चीवर मात्र एकही कागद नव्हता.

"आमची ही तिथं बसायची," मास्तर म्हणाले. "आणि गाडीतही तीच बाजू. चालवायची."

स्कूल बंद झाल्यावर ती म्हणाली होती, सगळ्या गावाला शिकवलंत, आता मला शिकवा. रोज संध्याकाळी ही जोडी निघायची. मागच्या काचेवर शिकाऊचा लाल एल. वर्षं गेली तरी तो एल निघाला नाही. शिकाऊ लायसन्स संपलं की ती नवं काढायची, पण पक्क्याची परीक्षा देतच नव्हती.

"येत नव्हतं?"

"बाई, उत्तम यायचं! फक्त ब्रेक जरा उशिरा. मी म्हणायचो, दे ना परीक्षा. तर म्हणायची, नको. घरात तुम्ही मला 'अगं' म्हणता, गाडीत 'अहो' म्हणता. पास झाले तर गाडीतलाही मान जायचा." ते हसले, पण मानेच्या पट्ट्यानं हसूही अर्ध्यावर अडवलं. "शिकणाऱ्याला अरेतुरे करायचं नाही, हा स्कूलचा नियम होता. मग हिलाही तोच."

घरात काय बोलायचो ते आठवत नाही, ते म्हणाले. बोलणं सगळं गाडीत व्हायचं. ती गेली त्याला आता बरेच महिने झाले होते.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती दूर असते. मास्तरांना ऐकू कमी येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर, त्यामुळं मीही ऐकला.

"बाबा, भंगार आहे ते! पैसे घ्या आणि मोकळे व्हा. ह्या वयात तुम्हाला जायचंय तरी कुठं?"

"कुठं जायचं नसतं गं. फिरायचं असतं."

"मग रिक्षानं फिरा."

"रिक्षात मागं बसावं लागतं," मास्तर म्हणाले. पलीकडे ती काही तरी दुसरंच बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. काचेचं दार, आत थंडगार हवा आणि त्याहून थंड माणसं. ज्या सर्व्हेअरनं गाडी निकालात काढली होती तो मास्तरांना बघून ताडकन उभाच राहिला.

"मास्तर, तुम्ही स्वतः कशाला आलात?"

"रिव्हर्स सुधारला का?" मास्तरांनी विचारलं. शेजारच्या टेबलावरची पोरगी फस्सकन हसली. सर्व्हेअरचे कान लाल झाले.

मग त्यानं सांगितलं की गाडी आता ठेवता येणार नाही, भंगारवाल्याशी बोलणं झालंय, बोली ठरलीय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकाची सही नाही, होकार नाही, आणि बोली ठरवून मोकळे? "कुणाच्या बापाची गाडी विकताय?" मी विचारलं, आणि मला जेवढा आवाज आहे तेवढा काढला. आतल्या केबिनमधून मॅनेजर आला. त्यालाही मी त्याच आवाजात बसवला. तास-दीड तास तमाशा झाला. शेवटी मला हवं तेच पत्र टाइप होऊन आलं: गाडी द्यायची की ठेवायची हे मालक ठरवेल, तोवर तिला कुणी हात लावायचा नाही.

बाहेर आल्यावर माझी छाती दोन इंच फुगली होती. मास्तर म्हणाले, "एवढं जोरात कशाला? हलका हॉर्न पुरला असता."

मला राग आला. मी लोकांसाठी घसा फोडते आणि लोक मला हॉर्न शिकवतात! पण पत्र माझ्या हातात होतं, म्हणून सोडून दिलं.

गाडी गॅरेजच्या मागच्या पत्र्याच्या आवारात उभी होती. आजूबाजूला दुसऱ्यांच्या चेपलेल्या गाड्या, एका सीटवर मांजर झोपलेलं. मास्तरांच्या गाडीचं नाक पार आत गेलेलं, बॉनेट तंबूसारखं वर. मागच्या काचेवरचा एल मात्र जसाच्या तसा होता.

मिस्त्री हात पुसत आला. "मास्तर, तुम्हाला खोटं सांगून मी कुठं जाऊ? चासी वाकलीय. ओढून सरळ करीन, रंग मारीन, बघणाऱ्याला कळायचंही नाही. पण चालेल खेकड्यासारखी. तुम्ही सरळ म्हणाल, ती तिरकी जाईल."

"म्हणजे आमच्या हिच्यासारखी," मास्तर म्हणाले.

मिस्त्री हसला. मास्तर हसले नाहीत. शेजारच्या बाजूचं दार उघडून ते आत बसले आणि मला म्हणाले, "या, बसा."

ड्रायव्हरचं दार अडकलं होतं. मिस्त्रीनं पहार घालून ते उघडून दिलं आणि तो आपल्या कामाला गेला. मी बसले. मी गाड्यांसमोर आडवी झोपलेय, गाड्या अडवल्यात, एकदा एका साहेबाच्या गाडीची हवासुद्धा सोडलीय. पण स्टिअरिंगमागे त्या दिवशी पहिल्यांदा.

"सीट पुढं घ्या. आरसा बघा."

"मास्तर, गाडी मेलीय."

"आरसा बघा."

बघितला. तडकलेल्या आरशात त्या एका मांजराची दोन मांजरं दिसली. मग मास्तरांनी मला क्लच दाबायला लावला, पहिला गिअर टाकायला लावला. समोर पत्र्याची भिंत, आणि ते शांतपणे सांगत होते: आता गल्ली संपली, डावीकडं बघा, सायकलवाला आहे, जाऊ द्या त्याला, दुसरा टाका. त्या आवाजात असं काही होतं की मला खरंच सायकलवाला दिसला. घराघरांतून, ऑफिसांतून माझ्याशी लोक कायम एक तर हात जोडून बोलतात नाही तर दात खाऊन. असं शेजारी बसून, माझ्याच दिशेला बघत कुणी बोललं नव्हतं.

"ब्रेक दाबा!"

मी दाबला. पण त्याच क्षणी पेडल माझ्या पायाखाली आपोआपही आत गेलं. त्यांनी त्यांचा दाबला होता.

दोघंही तसेच बसून राहिलो, पाय ब्रेकवर.

"तुम्ही वेळेवर दाबलात," ते म्हणाले. "ती उशिरा दाबायची. म्हणून माझा पाय कायम तयार असायचा."

मी पाय उचलला, पेडल आतच राहिलं.

"टँकर मला दिसला होता, वकीलबाई. चांगला लांबून दिसला. मी म्हणालोसुद्धा, ब्रेक दाबा. मोठ्यानं म्हणालो. आणि वाट बघितली." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "मी त्या बाजूला, एकटाच चालवायला बसलोय हे लक्षातच आलं नाही. एक क्षणच. मग माझा पाय गेला ब्रेकवर, पण तोवर टँकर आला होता."

आवारात कुठं तरी पत्र्यावर हातोडा पडत होता. मला लोकांच्या बाजूनं बोलायची सवय, आणि हा माणूस स्वतःच्याच विरुद्ध बोलत होता. मी व्यवहाराचं बोलले. म्हटलं, दुरुस्त करून घ्या आणि चालवायला एक ड्रायव्हर ठेवा.

"तो मला मागं बसवेल. आणि त्याला आधीच सगळं येत असेल."

"मग दुरुस्त करू नका. नुसती ठेवा दारात. संध्याकाळी येऊन बसा ह्या सीटवर. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

हे मी मनापासून म्हटलं होतं. ते पत्र मी काय गंमत म्हणून मिळवलं होतं?

मास्तरांनी विचार केला. खरंच केला. काचेतून पत्र्याच्या भिंतीकडे बघत होते, ओठ हलत होते. मग म्हणाले, "त्याचीच तर भीती आहे. दारात राहिली तर मी इथंच बसून राहीन. मग घरात कोण जाईल?"

ते उतरले. दार हळू लावलं, नीट लागलं का ते ओढून बघितलं. मिस्त्रीला हाक मारून म्हणाले, "कंपनीला कळव. घेऊन जा म्हणावं."

माझं डोकं फिरलं. "मी एवढी भांडले ते कशासाठी मग? पहिल्याच दिवशी द्यायची होती!"

"पहिल्या दिवशी ते नेत होते," मास्तर म्हणाले. "आता मी देतोय."

ह्या वाक्याचा मला अजून थोडा राग आहे.

दोन दिवसांनी भंगारवाल्याची क्रेन आली, तेव्हा आम्ही दोघं आवारात होतो. गाडीचं चेपलेलं नाक वर उचललं गेलं, मागची चाकं जमिनीवर. साखळ्या बांधताना क्रेनच्या ड्रायव्हरनं एल खरवडून काढायला नख लावलं. मास्तर म्हणाले, "राहू द्या हो." त्यानं खांदे उडवले. मग म्हणाला, "काका, मुख्य रस्त्याला सोडू का? ताई, तुम्हीही चला. पुढं तिघं मावतात."

मास्तर मधे बसले, मी खिडकीशी. आवारातून बाहेर पडताना मागून साखळ्यांचा खळखळाट आला. मास्तरांनी मागं बघितलं नाही. मानेच्या पट्ट्यामुळं बघता आलंही नसतं.

चौकात सिग्नल पिवळा झाला. मास्तरांचा उजवा पाय क्रेनच्या तळाच्या पत्र्यावर जोरात दाबला गेला. गाडी थांबली, कारण ड्रायव्हरनं ब्रेक दाबलाच होता.

"काका, पायाला काही होतंय का?"

"नाही, नाही. तुम्ही चालवा."

पुढच्या वळणावर पाय पुन्हा दाबला गेला. त्याच्या पुढच्याही. ड्रायव्हर एकदा माझ्याकडे बघून हसला, मी त्याच्याकडे असं बघितलं की परत हसला नाही. मुख्य रस्ता आला. मी उतरून वाट दिली, मास्तर उतरले, ड्रायव्हरला "चांगलं चालवता हो" म्हणाले आणि घराच्या दिशेनं चालायला लागले, फुटपाथच्या अगदी कडेनं. त्यांच्या एका बाजूला पूर्ण एका माणसापुरती जागा मोकळी होती.