म्युनिकला निघालेल्या मेझोची दृष्ट

एका फ्रेंच गायिकेच्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या सकाळी मी तिच्या नाकाखाली मूठभर लाल मिरच्या जाळल्या. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे सुनेला सांगायला काही उरणार नाही. आमच्याकडे पाहुणे आले की कॉफी ओतता ओतता ती हीच गोष्ट काढते, आणि दर वेळी चार मिरच्या वाढवते.

मी तेव्हा जेमतेम साठीची, म्हणजे अगदीच अननुभवी. पुण्याचं घर आवरून मुलाकडे कायमची राहायला आले होते. मुलगा न्युरेम्बर्गला इंजिनिअर, सून घरून काम करणारी, आणि राहायचो आम्ही तिथून जवळच्या एका लहान गावात. तरुणपणी मी गाण्याच्या दोन-तीन परीक्षा दिल्या होत्या. तेवढ्या भांडवलावर जगातलं कुठलंही गाणं आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

ही गायिका आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. पस्तिशीची, उंच, दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारी. पहिल्यांदा तिचा रियाज कानावर आला तेव्हा मला वाटलं, कुणाला तरी लागलंय. धावत जाऊन दार वाजवलं. ती ऑपेरात गाते असं कळल्यावर मी न विचारता सल्ला दिला, "एवढा आवाज कशाला फेकता? माइक असतो ना?"

"नसतो," ती म्हणाली.

"मग बसवून घ्या."

ती दाराला टेकून हसत सुटली आणि तिने मला आत ओढलं. तेव्हापासून आमचं जमलं. तिचं जर्मन फ्रेंच वळणाचं, माझं भाजी आणण्यापुरतं, पण दोघींनाही बोलण्याची हौस. ती मला मादाम म्हणायची.

तिचा आवाज मेझो-सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजातला मधला. नायिका व्हायचा मान वरच्या आवाजाच्या बायकांना. "मग तुम्हाला काय मिळतं?" मी विचारलं.

"चेटकिणी, आया, मोलकरणी. आणि पोरं."

"पोरं?"

"हो. मिसरूड न फुटलेली पोरं आम्हीच करतो. विजार घालून."

मी तिला सांगितलं, आमच्याकडे एके काळी पुरुष शालू नेसून नायिका व्हायचे. ती म्हणाली, "चला, म्हणजे फिट्टंफाट झाली."

पण त्या हिवाळ्यात तिचं हसणं कमी झालं. जवळच्याच एका शहरातल्या थिएटरात ती बरीच वर्षं पगारी गायिका होती. तिथे नवा प्रमुख येणार होता, आणि इकडे नवा प्रमुख आला की आपली माणसं घेऊन येतो. तिचा करार उन्हाळ्यापर्यंतच होता. ती ठिकठिकाणी गाऊन दाखवून आली, सगळीकडून गोड शब्दांत नकार. उन्हाळ्याआधी कुठे जागा मिळाली नाही, तर आपल्या फ्रान्समधल्या गावी जाऊन शाळेत गाणं शिकवायचं, असं तिने ठरवलं होतं.

"शाळेत शिकवणं काही वाईट नाही," मी म्हटलं. मास्तरीण होते ना मी!

"वाईट नाही," ती म्हणाली. "पण मला अजून गायचंय."

आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती नुसत्या मोज्यांवर जिना चढून आली. "मादाम! म्युनिक! आज संध्याकाळी!"

झालं होतं असं, की म्युनिकच्या एका थिएटरातली गायिका आजारी पडली होती. अशा वेळी इकडे खेळ रद्द करत नाहीत. तीच भूमिका पाठ असलेली दुसरी कुणीतरी फोन करून शोधतात, ती गाडी पकडते, दुपारी तिला रंगमंचावरच्या जागा दाखवतात आणि संध्याकाळी ती उभी राहते. भूमिका तिची लाडकी, दिसेल त्या बाईच्या प्रेमात पडणाऱ्या एका पोराची. शिवाय गायक निवडणारी तिथली बाई स्वतः ऐकायला बसणार होती.

मला इतका आनंद झाला, इतका, की मी तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "थांब. एवढ्या नजरा लागणार तुला आज. दृष्ट काढते."

तिने मुकाट मान पुढे केली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेऊन मी तिच्यावरून ओवाळल्या आणि पॅनमध्ये टाकल्या. आता आपलं शास्त्र असं, की ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच, आणि लागला नाही तर दृष्ट जबरदस्त. मी नाक पुढे करून पाहिलं. काही नाही. हुंगलं. काहीच नाही! ती काचेची शेगडी, ती तापायला वेळ घेते, हे तेव्हा डोक्यात आलं असतं तर मी कसली मी! मी छाती पिटून म्हणाले, "अगं बाई, केवढी ही दृष्ट!" आणि आणखी मूठभर मिरच्या टाकल्या. शिवाय पॅन तिच्या तोंडाजवळ नेऊन ओवाळला.

तोवर तो तापला होता.

खकाणा असा उठला की छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला. फ्रेंच बाई खोकत खोकत खुर्चीवरून खाली. मी पॅन हातात घेऊन गोल गोल फिरतेय. सून कानाला हेडफोन लावूनच मीटिंगमधून धावत आली.

"आई! काय जाळताय?"

"दृष्ट!"

तिने खिडक्या उघडल्या, पॅन सिंकमध्ये फेकला. शेजारीण पाणी प्यायली, डोळे पुसत उभी राहिली आणि तिने एक सूर लावून पाहिला. बिजागरी करकरावी तसा आवाज आला.

"अहो आई," सून हळूच म्हणाली, "तिची दृष्ट काढलीत की आवाज?"

मला रडू फुटलं. पण शेजारीण रडली नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं, मग ते बोट माझ्याकडे रोखलं, मग दाराशी टांगलेल्या माझ्या कोटाकडे.

"ती चला म्हणतेय," सून म्हणाली. "जा आता. आणि आई, वाटेत एक शब्द बोलू नका."

मला का नेलं, हे मी नंतर विचारलं तिला. म्हणाली, एकटी असते तर घाबरून मधल्याच स्टेशनवर उतरले असते.

गाडी उशिरा निघाली, मध्येच शेतात उभी राहिली. ती मांडीवर नोटेशन उघडून नुसते ओठ हलवत होती. मी थर्मासमधून गरम पाणी ओतून देत होते आणि गप्प होते. मुंबई ते फ्रँकफर्ट मी कितीदा तरी केलंय, पण एवढा लांबचा प्रवास दुसरा नाही.

थिएटरच्या डॉक्टरने तिच्या घशात नळी घालून पाहिलं. "लाल आहे, सूज नाही. गाता येईल, पण भरवसा देत नाही. झालं काय?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरने मला असं न्याहाळलं, की जणू मीच तो जंतू.

मग थिएटरचा एक माणूस आला. पडदा उघडण्याआधी, गायिकेची तब्येत बरी नाही, सांभाळून घ्या, असं प्रेक्षकांना सांगायची इथे पद्धत आहे. सांगू का, त्याने विचारलं. तेव्हा ती सकाळपासून पहिल्यांदा बोलली, "नको. त्यांनी मला ऐकावं. माझी तब्येत नको."

मला प्रेक्षागृहाच्या मागच्या कोपऱ्यात घडीची खुर्ची मिळाली. पडदा उघडला आणि विजार घातलेलं ते पोरगं उड्या मारत आलं. पहिलं गाणं धापा टाकत म्हणायचं, ते निभावलं. मी खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून बसलेली. मग संथ गाणं आलं, पोरगं बायकांसमोर उभं राहून आपल्या प्रेमाचं गातंय, आणि अगदी मधोमध तिचा सूर टरकन फाटला.

मी डोळे मिटले.

पण हसू ऐकू आलं. डोळे उघडले तर ती मुलासारखी कावरीबावरी होऊन गळ्याला हात लावून उभी. आवाज फुटायच्या वयातलं पोर कसं ओशाळतं, अगदी तसं! लोक खुशीत हसत होते. तिने एक श्वास घेतला, मान वर केली आणि पुढची ओळ अशी उचलली, अशी उचलली, की हसणारं ते अख्खं थिएटर शेवटच्या सुरापर्यंत चिडीचूप झालं. नंतर जो टाळ्यांचा पाऊस पडला, त्यात मी उभी राहून मराठीत ओरडत होते. शेजारच्या गृहस्थांनी आपली बॅग उचलून मांडीवर घेतली.

खेळ संपल्यावर निवड करणारी ती बाई रंगपटात आली. "तो फाटलेला सूर," तिने विचारलं, "आधीपासून बसवलेला होता?"

"आज सकाळी बसवला," आमची बाई माझ्याकडे न बघता म्हणाली.

"बुधवारी या. अजून ऐकायचंय."

बुधवारी ती एकटी गेली. तिच्या घराच्या आसपास काहीही तळायचं नाही, असा सुनेने मला दम भरला होता. मग नुसती वाट बघणं. टपालवाला आला की मी गॅलरीत. शेवटी चेरीला बहर आला त्या सुमाराला जिन्यात धाडधाड पावलं वाजली, दोन-दोन पायऱ्या एकदम. मी दार उघडलं. तिने मला उचललं, खरोखर उचललं, खाली ठेवलं आणि दम लागलेल्या आवाजात म्हणाली,

"मादाम, जागा मिळाली! आता म्युनिकमध्ये घर शोधायला माझ्याबरोबर चला. तुम्ही माझी आई, आणि घरमालकाने विचारलं की मुलगी काय करते, तर गाते म्हणू नका, रियाजाच्या धाकाने कुणी घर देत नाही; इंजिनिअर आहे म्हणा."